लेझर दुव्यासाठी इथरनेट संकेतांचे रूपांतर

तांब्याच्या तारेतून येणारे संगणकजालाचे (इथरनेटचे) विद्युत संकेत लेझरच्या झोतावर चढवून मोकळ्या हवेतून दुसऱ्या इमारतीपर्यंत नेणे व तिथे पुन्हा तारेवर उतरवणे, अशी ही क्रिया आहे. मध्ये रेल्वेचे रूळ किंवा नाग नदीचे पात्र असेल, रस्ता खोदायची परवानगी मिळत नसेल, तर नागपुरात दोन गच्च्या जोडायला हा मार्ग उपयोगी पडतो.

तारेवरचा संकेत जसाच्या तसा लेझरला देता येत नाही. तारेवरील व्होल्टेज धन, ऋण किंवा शून्य असू शकते. प्रकाशाची तीव्रता ऋण होत नाही. सेकंदाला १० मेगाबिटच्या जुन्या इथरनेटमध्ये मँचेस्टर संकेतन असते. त्यात प्रत्येक बिटाच्या मध्यावर संकेत पालटतो, त्यामुळे तो प्रकाशात उतरवणे त्यामानाने सोपे. खरी अडचण डेटा नसताना येते. तेव्हा तार जवळजवळ गप्प असते. साधारण दर १६ मिलिसेकंदांनी एक बारीक स्पंद येतो, एवढेच. पलीकडच्या प्रवर्धकाला मात्र सतत बदलता प्रकाश लागतो, नाहीतर तो नुसता गोंगाटच मोठा करून पुढे पाठवतो. म्हणून रिकाम्या वेळात १ मेगाहर्ट्झचा संकेत भरतात. कारेल कुल्हावी यांच्या ‘रोन्या’ या झेक खुल्या आराखड्यात हेच केले आहे. तिथे लेझरऐवजी एलईडी असून पल्ला सुमारे १.४ किमी आहे.

१०० मेगाबिटला तारेवर तीन पातळ्या असतात. मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे तारेवरचा संकेत प्रकाशासाठी बदलणारी पेटी, त्या उलगडून दोन पातळ्यांचा प्रवाह बनवतो. गिगाबिटला तर तारांच्या चारही जोड्यांवर दोन्ही दिशांची वाहतूक एकाच वेळी, पाच पातळ्यांत चालते. ती सोडवून सेकंदाला १.२५ अब्ज चिन्हांची एकच माळ करावी लागते. हे काम तयार चिपवर सोपवणेच शहाणपणाचे.

पुढचा टप्पा लेझर चालकाचा, म्हणजे लेझर डायोडला प्रवाह पुरवणाऱ्या मंडलाचा. डायोड ठरावीक उंबरठा-प्रवाहानंतरच लेझर म्हणून चमकतो, म्हणून ‘शून्य’ पाठवतानाही तो पूर्ण विझवत नाहीत. विझवला तर पुन्हा पेटायला उशीर लागून बिटांच्या कडा बिघडतात. तापमान वाढले की हा उंबरठा चढतो. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) ४५ अंशांपुढची हवा आणि स्लॅबवर तापलेली बंद पेटी, अशा वेळी सकाळी जुळवलेला प्रवाह दुपारी अपुरा पडतो. डायोडमागचा छोटा फोटोडायोड प्रकाश मोजतो आणि त्यावरून चालक प्रवाह आपोआप वाढवतो. नागपुरात ही सोय नसलेला चालक घेऊच नये. शिवाय ० ते ७० अंशांसाठी बनवलेल्या मॉड्यूलऐवजी ८५ अंशांपर्यंत टिकणारे घ्यावे आणि पेटीवर सावली करावी.

तापलेल्या टिनावरून वर चढणाऱ्या हवेने झोत थरथरतो, म्हणून यंत्र टिनापासून उंच, पक्क्या खांबावर बसवतात. दुवा पूर्व-पश्चिम असेल तर मार्च आणि सप्टेंबरमध्ये उगवता किंवा मावळता सूर्य थेट ग्राहीच्या (पलीकडे प्रकाश घेणाऱ्या यंत्राच्या) भिंगात शिरतो. फक्त लेझरच्या तरंगलांबीचा प्रकाश आत सोडणारी काच त्यासाठीच लावतात. १ मिलिरेडियन फाकणारा झोत १ किमीवर साधारण १ मीटर रुंद होतो, म्हणजे नेम साधायला थोडी सवलत मिळते, पण ग्राहीवर पडणारा प्रकाश घटतो. १५५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याच्या पुढच्या भागातच शोषला जातो, त्यामुळे तिथे ८५० नॅनोमीटरच्या प्रकाशापेक्षा जास्त शक्ती चालते. तरीही चालू भिंगात डोकावून नेम धरू नये.

पावसाळ्यातल्या मुसळधार सरीत झोत तुटतो. तेव्हा कन्व्हर्टरने तांब्याच्या बाजूचा दुवाही पाडला पाहिजे, म्हणजे संगणकजालाच्या स्विचला खंड कळतो आणि वाहतूक राखीव रेडिओ दुव्यावर वळते. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये ही सोय बरेचदा नसते. प्रकाश गेला तरी स्विचवरचा हिरवा दिवा लागलेलाच राहतो.