जुळणारे ठोकळे आणि नकली संच : फरक नेमका कुठे आहे

लेगो या खेळण्यातल्या प्लास्टिकच्या ठोकळ्यावर घट्ट बसणारा, पण लेगो कंपनीने न बनवलेला प्रत्येक ठोकळा 'डुप्लिकेट' म्हणून ओळखला जातो. मोठ्या वयात ठोकळे जोडण्याच्या छंदाकडे वळलेली, दोन-तीन हजार तुकड्यांची इमारत किंवा रेल्वे इंजिन आठवडाभर बसून जोडणारी माणसेही खरेदीच्या वेळी हाच एक शब्द वापरतात आणि दोन अगदी वेगळ्या वस्तू त्यामुळे एकाच माळेत ओवल्या जातात. त्यातली पहिली वस्तू म्हणजे दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या आराखड्यावरून काढलेला संच, ज्याचे माप तेवढे मुद्दाम लेगोशी मिळतेजुळते ठेवलेले असते; या लेखात मी त्याला 'जुळणारे ठोकळे' म्हणेन. दुसरी वस्तू म्हणजे 'नकली संच': दुसऱ्याचा तयार आराखडा, तुकड्यांची तीच यादी, जोडणीची तीच पुस्तिका आणि पुष्कळदा खोक्यावरचे तेच छायाचित्र परवानगीवाचून उचलायचे आणि वर वेगळे नाव छापून विकायचे. टेबलावर ओतल्यावर दोन्हींचे ठोकळे सारखेच दिसतात, आणि घोटाळा होतो तो इथेच.

जुळणारे ठोकळे बनवण्यात गैर का नाही, हे समजून घ्यायचे तर ठोकळ्याचाच इतिहास पाहावा लागतो. डेन्मार्कमधील बिलुंड या गावी ओले कर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी बनवायला सुरुवात केली आणि १९३४ साली 'छान खेळा' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून लेगो हे नाव घेतले. परंतु वर गोल उंचवटे असलेला प्लास्टिकचा ठोकळा त्या कारखान्यात जन्मलेला नाही. ब्रिटनमधील हिलरी फिशर पेज यांच्या किडिक्राफ्ट कंपनीने १९४७ साली एकमेकांत अडकणारे पोकळ ठोकळे बाजारात आणले होते. त्यांचे नमुने बिलुंडला पोहोचले, मापांत आणि कडांत फेरफार झाले, आणि १९४९ साली लेगोचे पहिले प्लास्टिकचे ठोकळे विक्रीला आले. लेगो कंपनी आपल्या इतिहासात हे मान्य करते, आणि १९८१ साली तिने किडिक्राफ्टच्या ठोकळ्यांचे हक्क विकतही घेतले. मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो, कारण 'जो ठोकळा लेगोचा नाही तो चोरीचा' असे ठामपणे म्हणणाऱ्याला मूळ ठोकळ्याची वंशावळ ठाऊक नसते.

लेगोचे स्वतःचे खरेखुरे संशोधन पुढच्या टप्प्यात आले. आरंभीचे पोकळ ठोकळे एकावर एक नीट बसत, पण उचलताना सुटून येत. २८ जानेवारी १९५८ रोजी ओले कर्क यांचे पुत्र गॉटफ्रेड यांनी ज्या रचनेसाठी पेटंटचा अर्ज केला, तिच्यात ठोकळ्याच्या खालच्या पोकळीत नळ्या बसवलेल्या होत्या. आठ उंचवट्यांचा नेहमीचा ठोकळा उलटा धरून पाहिला, तर अशा तीन नळ्या दिसतात. खालच्या ठोकळ्याचा प्रत्येक उंचवटा या नळ्या आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये तीन ठिकाणी चिमटीत धरला जातो. कोपऱ्यातल्या उंचवट्याला दोन भिंती आणि एक नळी धरते, तर मधल्याला एक भिंत आणि दोन नळ्या. छंदातली माणसे जिला 'पकड' म्हणतात, ती एवढ्याशा रचनेतून येते. १९६३ पासून ठोकळे एबीएस या टणक आणि किंचित लवचीक प्लास्टिकचे होऊ लागले आणि ही पकड वर्षानुवर्षे टिकू लागली.

पेटंट मात्र मुदतीचे असते. शोध लावणाऱ्याला काही वर्षे एकट्याने तो वापरता येतो आणि त्या मोबदल्यात मुदत संपल्यावर तो सर्वांसाठी मोकळा होतो. ही मुदत संपल्यावरही ठोकळ्याचा आकार आपल्याकडेच राहावा, यासाठी लेगोने निरनिराळ्या देशांत निरनिराळे मार्ग वापरून पाहिले. टायको या अमेरिकी कंपनीविरुद्धच्या खटल्यात हाँगकाँगहून आलेल्या अपिलावर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतींच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, १९८८ साली निकाल दिला, की जुन्या रेखाचित्रांच्या किरकोळ फेरफार केलेल्या नव्या प्रती काढल्याने नवा कॉपीराइट निर्माण होत नाही. मेगा ब्लॉक्स बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली आणि युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१० साली जवळजवळ एकाच तत्त्वावर निर्णय दिले: उंचवट्यांची रचना ही ओळखीची खूण नसून काम करणारा भाग आहे, आणि मुदतीच्या पेटंटने जे मिळाले ते ट्रेडमार्कच्या वाटेने कायमचे राखून ठेवता येणार नाही. म्हणून मेगा, पोलंडची कोबी किंवा जर्मनीची ब्लूब्रिक्स या कंपन्यांचे ठोकळे उघडपणे, स्वतःच्या नावाने विकले जातात. कोबीचे रणगाडे आणि लढाऊ विमाने तर अशा विषयावरची आहेत, ज्याला लेगो सहसा हातच लावत नाही. त्यांना कोणाची तरी नक्कल म्हणणे हा त्यांच्या रचनाकारांवर सरळ अन्याय आहे.

एवढ्यावरून सगळेच मोकळे झाले, असा अर्थ मात्र काढू नये. १९७८ पासून चालत आलेल्या मिनिफिगर या छोट्या बाहुलीच्या आकाराचा ट्रेडमार्क युरोपात २०१५ साली न्यायालयात टिकला. तेव्हापासून नव्हे, त्याआधीपासूनच जबाबदार कंपन्या आपल्या बाहुल्यांचे धड, पाय आणि चेहरे जाणूनबुजून वेगळे ठेवत आल्या आहेत. नव्या खास तुकड्यांच्या रूपाची नोंदणी वेगळी असू शकते. वर चार उंचवट्यांची एकच ओळ आणि तिच्या दोन्ही बाजूंना गुळगुळीत पृष्ठ असलेल्या एका तुकड्याची नोंदणी युरोपात २०२४ साली कायम राहिली. लेगो हे नाव, तिचे चिन्ह, छापील कलाकुसर, पुस्तिकेतील चित्रे आणि संपूर्ण संचाची मांडणी यांवरचे हक्क तर त्या पहिल्या पेटंटशी संबंधितच नाहीत. आठ उंचवट्यांचा साधा ठोकळा सर्वांचा झाला, पण अशा तीन हजार ठोकळ्यांतून कोणी उभे केलेले शिल्प सर्वांचे झाले नाही.

नकली संच नेमका इथे वेगळा पडतो. याचे सर्वांत मोठे उदाहरण लेपिन या नावाने खपलेल्या मालाचे आहे. लेगोचे संच जसेच्या तसे उचलून, खोक्यावरील नावात आणि क्रमांकात बदल करून ते जगभर विकले गेले. एप्रिल २०१९ मध्ये चीनमधील शांतौ येथील कारखान्यांवर पोलिसांनी छापे घातले, आणि सप्टेंबर २०२० मध्ये शांघायच्या न्यायालयाने या प्रकरणातील मुख्य आरोपीला सहा वर्षांचा कारावास आणि ९ कोटी युआनचा दंड सुनावला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की कोणता तुकडा कोणावर बसतो या मुद्द्यावर ही शिक्षा झालेली नव्हती. दुसऱ्याच्या निर्मितीची परवानगीवाचून प्रत काढून विकल्याबद्दल ती झाली.

आता प्रत्यक्ष ओळख कशी पटवायची? पुष्कळ जण ठोकळ्याचा उंचवटा पाहतात आणि तेवढ्यावर निकाल देतात. मीही पूर्वी तसेच करत असे. एकदा वापरलेल्या सुट्या ठोकळ्यांची मोठी पिशवी घेतली होती. विकणाऱ्याने सगळे मूळ कंपनीचे असल्याचे सांगितले होते. टेबलावरच्या दिव्याखाली एकेक ठोकळा तिरपा धरला, की उंचवट्यावरची लेगो ही अक्षरे सावलीमुळे उठून दिसतात आणि अक्षरे नसलेला ठोकळा काचेसारखा सपाट चमकतो. दोन संध्याकाळी खर्चून मी सपाट उंचवट्यांचे शेकडो ठोकळे बाजूला काढले आणि त्या ढिगाला मनाशी 'नकली' म्हणून टाकले. नंतर त्यांच्या खालच्या बाजू भिंगातून पाहिल्या, तेव्हा बऱ्याच ठोकळ्यांच्या आत दुसऱ्या एका नावाजलेल्या कंपनीची खूण दिसली. त्या ठोकळ्यांत नकली असे काहीही नव्हते. खोटे होते ते फक्त विकणाऱ्याचे विधान.

सपाट उंचवटा एवढेच सांगतो, की हा ठोकळा लेगोने बनवलेला नाही. जुळणारे ठोकळे बनवणाऱ्या कंपन्या दुसऱ्याचे नाव वापरायचे नाही म्हणून तो सपाट ठेवतात किंवा त्यावर स्वतःची अक्षरे उमटवतात; नकली संच काढणारेही तो बहुधा सपाटच ठेवतात, कारण प्रत्येक उंचवट्यावर दुसऱ्याचे चिन्ह उमटवणे म्हणजे ट्रेडमार्कच्या उल्लंघनाचा पुरावा स्वतःच तयार करून ठेवणे होय. त्यामुळे आत बनवणाऱ्याची खूण नसेल, तर सुटा ठोकळा हातात घेऊन या दोहोंतला फरक ठरवता येत नाही. त्यासाठी खोके आणि पुस्तिका पाहावी लागते: बनवणाऱ्याचे नाव आणि पत्ता छापलेला आहे का, त्या नावाने ती कंपनी सातत्याने माल काढते का, आराखडा कोणाचा याचा कुठे उल्लेख आहे का, आणि हेच मॉडेल, याच कोनातून टिपलेल्या छायाचित्रासह, आधी दुसऱ्या कोणी प्रसिद्ध केले होते का. उत्पादन थांबलेला आणि म्हणून दुर्मीळ झालेला एखादा संच अचानक कोऱ्या खोक्यात, अनोळखी नावाने आणि तुकड्यांच्या त्याच आकड्यासह दिसू लागला, तर शंकेला फारशी जागा उरत नाही.

दर्जाचा प्रश्न या सगळ्यापासून वेगळा आहे, आणि तो मध्ये आणल्यामुळेच अनेक चर्चा भरकटतात. मापे सर्वांना ठाऊक आहेत: दोन उंचवट्यांच्या केंद्रांमध्ये ८ मिलिमीटर अंतर, उंचवट्याचा व्यास ४.८, उंचवटा सोडून ठोकळ्याची उंची ९.६ आणि पातळ प्लेटची उंची त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे ३.२ मिलिमीटर. अवघड असते ते हे माप लाखो तुकड्यांत, वेगवेगळ्या साच्यांतून आणि रंगांतून सारखे राखणे. आठ मिलिमीटरमागे मिलिमीटरच्या शतांश भागाची चूक एका ठोकळ्यात कळत नाही, पण शंभर उंचवटे लांबीच्या भिंतीत ती चूक साठून एक मिलिमीटर होते. मग भिंत किंचित कमानीसारखी वाकते आणि शेवटचा ठोकळा बसवताना अंगठा दुखून येतो. असा अनुभव स्वस्त नकली संचात पुष्कळदा येतो, हे खरे आहे. परंतु आज काही नकली संचांची पकडही उत्तम असते, आणि उलट बाजूने पाहिले तर खुद्द लेगोच्या काही वर्षांतल्या तपकिरी आणि गडद लाल तुकड्यांना सुटे करताना तडे जातात, हे जुन्या संग्राहकांनी स्वतःच्या हातांनी अनुभवले आहे. तडा गेला म्हणून तो तुकडा नकली ठरत नाही, तसाच घट्ट बसला म्हणून चोरलेला आराखडा प्रामाणिक ठरत नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती 'मॉक'ची, म्हणजे छंदी माणसाने स्वतःच्या डोक्याने रचलेल्या मॉडेलची. मोठ्या कंपनीजवळ वकील असतात. एकटा रचनाकार मात्र सहा-सात महिने एखादे छप्पर कोणत्या कोनात बसवावे यावर घालवतो, संगणकावर पुस्तिका तयार करतो, ती रिब्रिकेबलसारख्या संकेतस्थळावर माफक किमतीत ठेवतो, आणि काही आठवड्यांत त्याच मॉडेलचे खोके त्याच्या नावाशिवाय विकले जाताना पाहतो. अशा खोक्यातले मॉडेल लेगोच्या कोणत्याही संचाची प्रत नसते, म्हणून घेणाऱ्याला वाटते की हे तर जुळणारे ठोकळेच आहेत. माझ्या मते तो संच नकलीच आहे, आणि मोठ्या कंपनीच्या संचाच्या नकलेहून अधिक घातक आहे, कारण इथे ज्याचे नुकसान होते त्याच्याकडे दाद मागण्याचे बळ नसते. याच्या उलट, काही कंपन्या रचनाकाराशी करार करून, खोक्यावर त्याचे नाव छापून आणि मोबदला देऊन मॉक प्रसिद्ध करतात; त्यांचे ठोकळे लेगोचे नसले तरी व्यवहार चोख असतो.

हाच निकष पुढे नेला तर काही गुंतागुंतीचे प्रसंगही सुटतात. रचनाकाराकडून पुस्तिका विकत घेऊन ते मॉडेल दुसऱ्या कंपनीच्या ठोकळ्यांतून उभे केले, तर त्यात कोणाचेही काही बुडत नाही. मात्र अस्सल लेगोचे तुकडे जमवून चोरून मिळवलेल्या पुस्तिकेवरून तेच मॉडेल केले, तर प्लास्टिक अस्सल असूनही रचनाकाराचे काम फुकट लुबाडले गेले. पुढे विकण्याच्या दृष्टीनेही एक काळजी घ्यावी लागते: जुळणारे ठोकळे आणि लेगोचे ठोकळे एकाच डब्यात मिसळून ठेवले, की काही वर्षांनी स्वतःलाही ते वेगळे करता येत नाहीत आणि घेणाऱ्याला खात्रीने काही सांगता येत नाही. मी आता दोहोंचे खण वेगळे ठेवतो, आणि एखाद्या मॉडेलच्या आतल्या, न दिसणाऱ्या भरावात दुसऱ्या कंपनीचे ठोकळे वापरले असतील, तर तशी चिठ्ठी त्याच्या पुस्तिकेत घालून ठेवतो.

बंद झालेल्या संचाचा मोह हेच नकली खोके घेण्याचे बहुधा सर्वांत मोठे कारण असते, आणि त्याला एक सरळ पर्याय उपलब्ध आहे. लेगो आपल्या बहुतेक जुन्या-नव्या संचांच्या पुस्तिका संकेतस्थळावर विनामूल्य ठेवते, आणि सुटे तुकडे ब्रिकलिंकसारख्या ऑनलाइन बाजारपेठेत जगभरातल्या विक्रेत्यांकडून मिळतात. २००० साली एका छंदी माणसाने सुरू केलेली ही बाजारपेठ २०१९ पासून लेगोच्याच मालकीची आहे. आपल्याजवळ आधीच असलेले तुकडे यादीतून वजा करावेत, आत दडणाऱ्या ठोकळ्यांसाठी मिळेल तो रंग घ्यावा आणि दुर्मीळ छापील टाइलच्या, म्हणजे वर उंचवटे नसलेल्या सपाट तुकड्याच्या, जागी साधी टाइल बसवावी. मी एक जुनी इमारत अशा रीतीने सात महिन्यांत पूर्ण केली. तिच्या पायातले ठोकळे निळे, पिवळे आणि हिरवे आहेत, आणि दर्शनी भिंतीतला एक फिकट राखाडी तुकडा बाकीच्यांहून किंचित पिवळसर दिसतो, म्हणून त्याच छटेच्या दुसऱ्या तुकड्याच्या शोधात मी अजूनही आहे.