बाहुलीच्या सळया : रंग आणि आवरण

सळईच्या बाहुलीचे हात ज्या बारीक दांड्यांनी हलवतात, त्यांना रंग देणे, त्यांवर कापड किंवा नळी चढवणे आणि खाली मूठ बांधणे. सळई प्रेक्षकाला दिसू नये, हातातून निसटू नये आणि गंजू नये, यासाठी हा खटाटोप. ठाणे आणि नवी मुंबईत गंजाची काळजी आधी करावी लागते. खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस उघड्या लोखंडी तारेला सोडत नाही. तांबूस डाग बाहुलीच्या बाहीवर उतरला की धुऊनही जात नाही.

सगळ्याच परंपरांना हे लागत नाही. इंडोनेशियातल्या जावा बेटावरील चामडी छायाबाहुल्यांच्या दांड्या म्हशीच्या शिंगाच्या असतात; त्या तासून, घासून गुळगुळीत केल्या की झाले. सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावच्या कळसूत्री बाहुल्या दोऱ्यांवर नाचतात, त्यांना सळईच नसते.

तार पॉलिश पेपरने घासून, थिनरने पुसून, प्राइमरचा हात देतात आणि वर काळा मॅट रंग. चकचकीत काळा नकोच. रंगमंचावरच्या दिव्याखाली त्याची पांढरी रेघ शेवटच्या रांगेतूनही दिसते. गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या तारेवर साधा ऑइल पेंट टिकत नाही, पापुद्रे सुटतात. भर पावसाळ्यात लॅकर मारले तर दमट हवेने ते पांढुरके पडते. बऱ्याच सळया एकदम करायच्या असतील तर वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीकडच्या पावडर कोटिंगवाल्याकडे, म्हणजे भुकटीचा रंग भट्टीत भाजून बसवणाऱ्याकडे द्याव्यात. भट्टी साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला चालते, म्हणून सळई बाहुलीला जोडण्याआधीच हे उरकावे. मनगटाच्या कडीत फिरणारे टोक मात्र रंगवू नये. तिथे जाड थर बसला की हात अडकतो, आणि प्रयोगात अडकलेला हात सळईच्या चमकेपेक्षा जास्त खटकतो.

आवरणासाठी इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी हीट श्रिंक नळी सोयीची. नेहमीची नळी गरम हवेने निम्म्या व्यासाची होते, म्हणजे 3 मिमी तारेला 5 मिमीची चालते. तिची टोके गोंदाने बंद करावीत, नाहीतर आत ओल शिरते आणि गंज वरून दिसतही नाही. काळा मखमल प्रकाश सर्वांत चांगला गिळतो. त्याची शिवण चालवणाऱ्याच्या बाजूला ठेवतात. उघड्या लोखंडावर थेट मखमल चढवणे ही खोटी बचत आहे, कारण कापड घाम आणि दमटपणा धरून ठेवते. पार्श्वभूमी काळी नसेल तर काळ्या सळईचा हट्टही सोडावा आणि बाहुलीच्या कपड्याच्या रंगाची सळई करावी.

मुठीला बांबूचा तुकडा बसवून त्यावर फेव्हिकॉल लावलेली सुती नाडी घट्ट गुंडाळतात. त्याऐवजी सायकलची ग्रिप बसवली तर तिचे रबर जुने झाले की घामाने चिकट होते. मूठ पूर्ण गोल नसावी. एक बाजू चपटी तासली की बाहुलीचा तळवा कुठे वळला आहे, हे वर न बघता बोटांना कळते.