उलट्या चुंबकाचा सूर

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मी घरच्या जुन्या स्पीकरांच्या वायरी काढल्या, धूळ पुसली आणि परत जोडल्या. संध्याकाळी एक नाट्यगीत लावलं, तर तबला वाजतोय आणि डग्गा गायब. गाणाऱ्या बाईंचा आवाजही समोरून येईना. खोलीत कुठूनतरी, जरा नाकातून आल्यासारखा. स्पीकर गेले, असं मी घरात जाहीरही करून टाकलं. मग मागे वाकून बघितलं तर डाव्या स्पीकरची लाल वायर काळ्या खाचेत आणि काळी लाल खाचेत. अदलाबदल केली, डग्गा परत आला.

झालं होतं ते एवढंच, की एक स्पीकर हवा पुढे ढकलत असताना दुसरा ती मागे ओढत होता. खर्जाच्या लहरी लांबलचक असतात. १०० हर्ट्झच्या सुराची लहर सुमारे साडेतीन मीटर भरते. तिच्यापुढे दोन स्पीकरांमधलं हातभर अंतर म्हणजे काहीच नाही, त्यामुळे ढकलणं आणि ओढणं एकमेकांना खाऊन टाकतं. वरच्या सुरांच्या लहरी आखूड. त्या अशा नेमक्या समोरासमोर येत नाहीत, म्हणून वाचतात.

नेमका हाच घोळ एका गिटारीच्या पोटात झाला होता. तो कुणी सुधारला नाही, हे आपलं भाग्य.

गिटार होती गिब्सन कंपनीची १९५९ सालची लेस पॉल, आणि वाजवणारा होता पीटर ग्रीन. १९४६ साली पूर्व लंडनमध्ये जन्मलेला हा मुलगा विशीच्या आतच जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स या बँडमध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या जागी आला. १९६७ साली त्याने स्वतःचा बँड काढला आणि त्याला नाव दिलं ते आपल्या ड्रमवाल्याचं आणि बेसवाल्याचं जोडून : फ्लीटवूड मॅक. पुढाऱ्याने फलकावर स्वतःचं नाव न घालणं आपल्याकडे तरी दुर्मीळच. ब्लूज या अमेरिकी काळ्या समाजाच्या संगीतातला दिग्गज गिटारवादक, खुद्द बी. बी. किंगने ग्रीनच्या टोनला, म्हणजे सुराच्या रंगाला, आपण ऐकलेला सर्वांत गोड टोन म्हटलं होतं. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांत वाढलेल्या माणसाने लंडनच्या पोराबद्दल असं म्हणणं ही साधी पावती नव्हे.

आता त्या गिटारीचं पोट उघडू.

विजेच्या गिटारीत तारेखाली पिकअप असतो : चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. गिटारीची पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात हलली की क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. दहावीच्या पुस्तकातलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. अडचण अशी, की हे वेढे फक्त तारेचंच ऐकत नाहीत. घरातल्या वायरिंगचं, ट्यूबलाइटच्या चोकचं, ट्रान्सफॉर्मरचं सगळं ऐकतात आणि अँपमधून, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या अँप्लिफायरमधून, गुणगुण सुरू होते. १९५० च्या दशकाच्या मध्यावर गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांनी यावर तोड काढली. एकाऐवजी दोन कॉइल शेजारीशेजारी ठेवायच्या. एकीत चुंबकाचा उत्तर ध्रुव वर, दुसरीत दक्षिण, आणि दोघींची जोडणीही एकमेकींच्या उलट. बाहेरून आलेली गुणगुण दोन्ही कॉइलमध्ये सारखीच शिरते, पण जोडणी उलट असल्याने वजा होते. तारेचा संदेश मात्र दोनदा उलटतो, एकदा चुंबकामुळे आणि एकदा जोडणीमुळे, म्हणून बेरजेत जातो. हा हंबकर. गुणगुण मारणारा, म्हणून हंबकर.

लेस पॉलवर असे दोन हंबकर असतात, एक मानेजवळ आणि एक घोडीजवळ. वरच्या खिट्टीने हा, तो किंवा दोन्ही निवडता येतात. प्रत्येक हंबकरच्या तळाशी, दोन कॉइलच्या खाली, एक चपटी चुंबकाची पट्टी आडवी ठेवलेली असते. ग्रीनच्या गिटारीत मानेजवळच्या पिकअपमधली ही पट्टी उलटी बसलेली होती.

उलट्या पट्टीचा पिकअप एकटा वाजवला तर कानाला काही म्हणजे काही फरक कळत नाही. तार वर जाताना वीज इकडून वाहिली काय नि तिकडून वाहिली काय, सूर तोच. फरक पडतो खिट्टी मध्यावर आणून दोन्ही पिकअप एकत्र केले की. तेव्हा बेरजेची वजाबाकी होते.

पण मग सगळाच आवाज का नाही नाहीसा होत? कारण दोन पिकअप एकच तार दोन वेगळ्या जागांवरून ऐकतात. छेडलेली तार एकाच वेळी अनेक तऱ्हांनी हलत असते. संपूर्ण तारेचा एक मोठा झोळ होतो, तो मूळ सूर. तिचे दोन भाग होऊनही ती हलते, तीन होऊन, चार, पाच. हे वरचे उपसूर. तंबोऱ्याची जवारी लावताना सूत केसभर सरकवलं की ‘सा’ तोच राहून आवाजाचा रंग बदलतो, तो या उपसुरांच्या कमीजास्त प्रमाणामुळे. जवारी उमगलेल्या माणसाला टोन म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

लेस पॉलच्या तारेची लांबी पावणेपंचवीस इंच. मानेजवळचा पिकअप घोडीपासून साधारण पाव लांबीवर येतो, घोडीजवळचा साधारण सोळाव्या भागावर. आता मोकळी तार छेडा. मूळ सुराचा झोळ एकच असल्याने दोन्ही पिकअप त्याच झोळाखाली आहेत. तार दोघांवर एकाच वेळी वर जाते, एकाच वेळी खाली. मानेजवळ हेलकावा मोठा : कमाल हेलकावा १०० धरला तर ७१. घोडीपाशी तार जखडलेली, म्हणून तिथे जेमतेम २०. साध्या गिटारीत बेरीज ९१. ग्रीनच्या गिटारीत वजाबाकी, ५१. शिवाय घोडीजवळचा पिकअप सहसा तारेच्या अधिक जवळ उचलून लावतात; त्यामुळे तो २० चा आकडा वाढतो आणि मूळ सूर आणखी खाल्ला जातो.

पाचव्या उपसुराकडे बघा. तारेचे पाच भाग, आणि शेजारचे भाग नेहमी उलट दिशेने हलणारे. घोडीजवळचा पिकअप पहिल्या भागाखाली, मानेजवळचा दुसऱ्या. म्हणजे एकावर तार वर जाते तेव्हा दुसऱ्यावर खाली. साध्या गिटारीत हे दोन संदेश, ८३ आणि ७१, एकमेकांना खाऊन १२ उरतात. चुंबक उलटा असेल तर तेच दोघे एकजुटीने १५४ होतात. हा हिशोब आदर्श तारेचा आहे. खऱ्या तारेवर नखी कुठे लागली, तार किती जुनी, पिकअप किती रुंद, यावर आकडे हलतील. पण चित्र हेच : बुड हलकं होतं आणि मधले-वरचे काही उपसूर एकदम पुढे येतात. आवाज पोकळ, सानुनासिक, कुणी तोंडावर हात धरून गातंय तसा. माझ्या डग्गा हरवलेल्या नाट्यगीतासारखाच, पण इथे हरवणं सुंदर लागतं.

आणखी एक गंमत. बोट वरच्या पडद्यावर गेलं की हलणारी तार आखूड होते, पिकअप मात्र जागच्या जागी. बाराव्या पडद्यावर तार निम्मी उरते आणि मानेजवळचा पिकअप बरोबर तिच्या मध्याखाली येतो. हिशोब पुन्हा नव्याने मांडायचा. मानेवर हात वर-खाली फिरेल तसा आवाजाचा रंग ‘आ’कडून ‘ए’कडे सरकल्यासारखा बदलत राहतो. ही गिटार बोलते असं लोक म्हणतात, ते कौतुकाच्या भरात असेल, पण अगदीच बिनबुडाचं नाही. आपणही घसा आणि तोंड यांच्या पोकळीने काही उपसूर उचलून, काही दाबूनच स्वरांची ओळख पटवतो.

गिटारवाल्यांनी या टोनचा पाठलाग कसा केला ते ऐकण्यासारखं आहे. ग्रीनच्या फोटोंत दिसायचं, की मानेजवळचा पिकअप फिरवून बसवलाय. त्याच्या स्क्रूंची रांग नेहमी मानेकडे असते, ती इथे घोडीकडे होती. झालं, अनेकांनी आपापले पिकअप काढून फिरवून बसवले. टोन काही आला नाही. येणार कसा? पिकअप अख्खा फिरवला की चुंबक आणि कॉइल दोन्ही सोबत फिरतात. उत्तर ध्रुव वर होता तो वरच राहतो, विजेची दिशाही तीच. चुंबक पोटातल्या पोटात पालथा झाला तरच खेळ उलटतो, आणि ते बाहेरून दिसत नाही. दिसणाऱ्या फरकाला कारण समजायची खोड विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही असते, गिटारवाल्यांना काय बोल लावायचा. होकायंत्र तेवढं जवळ नेलं असतं तर सुईने सांगितलं असतं.

पण सगळं श्रेय चुंबकाला द्यायला मी तयार नाही. एक तर ही खोड फक्त खिट्टी मध्यावर असतानाच जागी होते. लेस पॉलवर दोन पिकअपना दोन वेगळ्या आवाजाच्या कळा असतात. एक कळ किंचित उतरवली की वजाबाकी अर्धवट होते आणि सुराला अंग परत येतं. म्हणजे किती पोकळ आणि किती भरीव, हे ग्रीनच्या करंगळीच्या हातात होतं. दुसरं, त्याचे खेचलेले सूर. सतारीवर मींड घेतात तशी गिटारची तार आडवी ढकलली की ताण वाढून सूर चढतो. पूर्ण एक स्वर चढवायचा तर ताण जवळजवळ सव्वापट करावा लागतो, तोही दोन-तीन बोटांनी, आणि नेमक्या जागी थांबायचं. ब्लूजमध्ये तर कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधली एक जागा आहे, जिथे पडदाच नाही. तिथे बोट आणि कान एवढाच आधार. ग्रीन त्या जागी पोचायचा, थांबायचा, तार हलकेच झुलवायचा आणि मग चक्क गप्प बसायचा. ब्लूजब्रेकर्सच्या १९६७ च्या अल्बममधली ‘द सुपरनॅचरल’ ही त्याची धून ऐका. एकेक सूर इतका लांबतो की तार अजून हलतेय कशी असा प्रश्न पडतो. अँपचा आवाज तारेवर आदळून तिला पुन्हा हलवतो, ती पुन्हा अँपला खाद्य देते. सूर मरत नाही. समईत तेल घालत राहावं तसं.

हाताचा वाटा किती आणि गिटारचा किती, हे तपासायला एक आयता प्रयोगही घडलाय. १९७० साली ग्रीनने फ्लीटवूड मॅक सोडलं. पुढची कित्येक वर्षं मानसिक आजाराशी झुंजण्यात गेली. त्या सुमारास त्याने ही गिटार बेलफास्टच्या गॅरी मूर या तरुणाला, नफा न बघता, स्वस्तात देऊन टाकली. मूरने ती तीन दशकांहून जास्त वाजवली आणि १९९५ साली तिच्यावर ग्रीनच्या गाण्यांचा अख्खा अल्बम केला. २००६ मध्ये त्याने ती विकली आणि २०१४ पासून ती मेटॅलिका या हेवी मेटल बँडच्या कर्क हॅमेटकडे आहे. गिटार एक, चुंबक एक, हात तीन. मूरच्या हातात तोच सूर आग ओकतो, अँपच्या जोराने उपसुरांची नवी गर्दी होते. तो सूर ग्रीनच्या सुरासारखा एकटा उभा राहत नाही. मला मूर आवडतो, पण रात्री दिवे मालवून ऐकायला ग्रीनच लागतो.

ग्रीन जुलै २०२० मध्ये गेला. या गिटारीला आता ‘ग्रीनी’ असं नावच पडलंय, आणि गिब्सन तिची प्रतिकृती विकते. त्यासाठी मानेजवळच्या पिकअपचे ध्रुव मुद्दाम उलटे ठेवतात. सरळ निघाला तर तो पिकअप आता नापास.