‘मला वाटलं’ म्हणण्याचे वय

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, शिवाजी पेठेतल्या माहेरच्या घरी दुपारची जेवणे उरकून सगळे आडवे झालेले असताना, मी भडंगाचा स्टीलचा डबा रिकामा केला, त्यात मूठभर चिंचोके भरले आणि साडेतीन वर्षांच्या भाच्याला माजघरात बोलावून विचारले, ‘‘ह्यात काय आहे?’’ ‘‘भडंग,’’ तो लगेच म्हणाला, कारण त्या डब्यात दुसरे काही कधी नसतेच. झाकण काढल्यावर त्याने चिंचोके हातात घेऊन पाहिले, दोन खाली सांडले, ते वेचून परत आत टाकले. मी झाकण लावले. ‘‘आज्जी बाहेर सोप्यात झोपली आहे. तिनं आत बघितलेलं नाही. तिला हा बंद डबा दाखवला, तर ती काय म्हणेल, ह्यात काय आहे?’’ ‘‘चिंचोकं.’’ ‘‘आणि उघडायच्या आधी तुला काय वाटलं होतं?’’ ‘‘चिंचोकं.’’ दाराला टेकून उभ्या असलेल्या त्याच्या पाच वर्षांच्या बहिणीला हे सहन झाले नाही. ‘‘आज्जी भडंग म्हणणार की! तिला कुठं माहीत आहे?’’ भाऊ तिच्याकडे नुसता बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर थाप मारल्याचा भाव नव्हता, आणि आपले काही चुकले आहे असेही त्याला वाटत नव्हते.

बालमानसशास्त्रात या जातीचा प्रयोग आता जुना झाला आहे, पण त्याची सुरुवात मुलांपासून नव्हे, चिंपांझीपासून झाली. 1978 साली डेव्हिड प्रीमॅक आणि गाय वुडरफ या अमेरिकन संशोधकांनी असा प्रश्न मांडला, की दुसऱ्याच्या मनात काही हेतू किंवा समजूत असते याची चिंपांझीला कल्पना असते का. त्यावरच्या चर्चेत काही तत्त्वज्ञांनी सुचवले, की खरी कसोटी घ्यायची असेल तर ज्यात समोरच्याची समजूत चुकीची आहे असाच प्रसंग घ्यावा, कारण समजूत बरोबर असेल तेव्हा त्याच्या मनाचा विचार न करता, नुसत्या वस्तुस्थितीकडे पाहूनही बरोबर उत्तर देता येते. ही सूचना उचलून 1983 साली हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर यांनी लहान मुलांना मॅक्सीची गोष्ट सांगितली: मॅक्सी एका कपाटात चॉकलेट ठेवून खेळायला जातो, त्याच्या माघारी आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते, मग परत आल्यावर तो ते कुठे शोधेल? डब्याचा प्रकार त्यानंतरचा. 1987 साली पेर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखीच्या गोळ्यांच्या डब्यात पेन्सिल ठेवली, आणि 1988 साली अ‍ॅलिसन गॉपनिक व जॅनेट अ‍ॅस्टिंग्टन यांनी दाखवून दिले, की तीन वर्षांच्या मुलाला स्वतःची काही क्षणांपूर्वीची चुकीची समजूतही सांगता येत नाही. मला या साऱ्यातला हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो. दुसऱ्याचे मन कळत नाही हे एक वेळ समजू शकते, पण इथे मुलाला आपलेच मघाचे मन परके असते. ‘डब्यात काय आहे’ आणि ‘डब्यात काय आहे असे कोणाला वाटते’ हे त्याच्या लेखी अजून दोन वेगळे प्रश्नच झालेले नसतात.

पुढे असे प्रयोग जगभर इतके झाले, की 2001 साली हेन्री वेलमन आणि सहकाऱ्यांनी 178 अभ्यास एकत्र करून तपासले. सर्वांत लहान मुलांची उत्तरे अंदाजपंचे दिल्यासारखी नव्हती. अंदाजाने निम्मी तरी बरोबर आली असती, ती तितकीही आली नाहीत. म्हणजे मूल गोंधळलेले नसते, ते एका ठाम समजुतीने, सातत्याने चुकीचे उत्तर देत असते. चौथ्या वर्षाच्या आसपास हे पालटू लागते आणि पाचव्यापर्यंत बहुतेक मुले माझ्या भाचीसारखी उत्तरे देतात. कॅनडा, भारत, पेरू, सामोआ आणि थायलंड या पाच देशांतल्या मुलांवर एकच प्रयोग करून 2005 साली जे निष्कर्ष मांडले गेले, त्यांतही पाचव्या वर्षाच्या सुमारासच हा बदल सगळीकडे दिसला.

त्याआधीची वर्षे रिकामी नसतात. नऊ महिने ते एक वर्ष या काळात मूल कडेवरून चिमणीकडे बोट दाखवते आणि आपण तिकडे पाहिले की नाही, हे वळून तपासते. वस्तू हवी म्हणून नव्हे, तर आपण दोघांनी मिळून ती पाहावी म्हणून केलेली ही खूण आहे. 1997 साली बेटी रेपाचोली आणि गॉपनिक यांनी मुलांसमोर ब्रोकोली आवडीने खाल्ल्याचा आणि बिस्किटे नावडल्याचा अभिनय केला व मग खाऊ मागितला. चौदा महिन्यांच्या मुलांनी स्वतःला आवडणारी बिस्किटेच पुढे केली, अठरा महिन्यांच्या मुलांनी ब्रोकोली दिली. दुसऱ्याची आवड आपल्यापेक्षा निराळी असू शकते, हे मुलाला दुसऱ्याची समजूत निराळी असू शकते हे कळण्याच्या कितीतरी आधी कळते.

लहान मुलाच्या विचाराचा विषय निघाला की झाँ पियाजे (1896–1980) या स्विस शास्त्रज्ञाचे नाव येतेच. त्याचा प्रसिद्ध प्रयोग कोल्हापूरच्या माणसाला गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर उभे राहूनही डोळ्यांसमोर आणता येईल. दोन सारख्या पेल्यांत सारखे दूध ओतून, ‘दोन्हीकडे सारखे आहे ना?’ असे मुलाकडून वदवून घ्यावे, मग त्याच्या देखत एका पेल्यातले दूध उंच, अरुंद ग्लासात ओतावे आणि विचारावे, आता कशात जास्त? पाच वर्षांचे मूल बहुधा उंच ग्लासाकडे बोट दाखवते. पातळी वर चढली हे त्याला दिसते. पेला तितकाच अरुंद झाला, आणि ओतलेले परत पहिल्या पेल्यात ओतता येईल, हे दोन्ही त्याच वेळी मनात धरणे त्याला जमत नाही, असे पियाजेचे म्हणणे होते. टेबलावर मांडलेले कागदी डोंगर समोरच्या बाजूने कसे दिसतील, हे सांगणेही या वयाच्या मुलाला जमत नाही, कारण ते स्वतःच्या जागेवरून सुटू शकत नाही, असाही निष्कर्ष त्याने काढला.

मुलाला काय येत नाही हे पियाजेने अचूक टिपले, पण का येत नाही हे सांगताना त्याने प्रश्न विचारणाऱ्या मोठ्या माणसाकडे पुरेसे पाहिले नाही, असे मला वाटते. एडिंबराच्या मार्गारेट डोनाल्डसन यांनी नेमके हेच दाखवले. 1974 साली जेम्स मॅकगॅरिगल यांच्याबरोबर केलेल्या प्रयोगात सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळी मांडल्या होत्या. त्यांतली एक ओळ शास्त्रज्ञाने हाताने विस्कटण्याऐवजी एका ‘खोडकर’ अस्वलाच्या बाहुल्याने येऊन विस्कटली, तेव्हा ‘अजून सारख्याच आहेत’ असे सांगणाऱ्या मुलांची संख्या कितीतरी वाढली. मोठे माणूस मुद्दाम काही बदलते आणि तोच प्रश्न पुन्हा विचारते, याचा अर्थ उत्तरही बदलायला हवे, असे मूल समजते. ज्याने मराठी शाळेत फळ्यासमोर उभे राहून उत्तर दिले आहे आणि गुरुजींचे ‘नक्की?’ ऐकले आहे, त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. उत्तर बरोबर असले तरी त्या एका शब्दाने ते आपोआप बदलते. म्हणजे ज्या मुलाला आपण दुसऱ्याच्या मनाचा विचार न करणारे समजतो, ते खरे तर प्रश्नकर्त्याच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधूनच चुकलेले असते. डोंगरांऐवजी भिंतींच्या आड पोलिसांपासून एक बाहुला लपवायचा, असे रूप मार्टिन ह्यूज यांनी त्या प्रयोगाला दिले, तेव्हा साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांची सुमारे 90 टक्के उत्तरे बरोबर आली. लपणे आणि शोधणे हे त्यांच्या रोजच्या जगातले होते, कागदी डोंगर नव्हते.

मग डब्याच्या प्रयोगातही आपण प्रश्न अवघड करून ठेवतो का? काही अंशी तसे असावे. 2005 साली क्रिस्टीन ओनिशी आणि रेने बायार्जाँ यांनी पंधरा महिन्यांच्या बाळांना काहीच न विचारता, ती कुठे किती वेळ पाहतात एवढेच मोजले, आणि चुकीची समजूत असलेले माणूस ‘बरोबर’ जागी हात घालते तेव्हा बाळे जास्त वेळ टक लावून पाहतात, जणू त्यांना ते अनपेक्षित वाटते, असे नोंदवले. पण नंतर अशा प्रकारच्या प्रयोगांचे निकाल सर्व प्रयोगशाळांत सारखे आले नाहीत, आणि हा वाद मिटलेला नाही. बाळाला काहीतरी जाणवत असेलही, पण ते शब्दांत मांडून त्यावर विचार करणे ही निराळी पायरी आहे, आणि ती बोलण्याच्या आधाराने चढली जाते.

निकाराग्वाच्या मानाग्वा शहरात 1970 च्या दशकाच्या अखेरीस कर्णबधिर मुलांची शाळा निघाली, तेव्हा तिथे तयार खूणभाषा नव्हती. मुलांनी एकमेकांत मिसळून ती घडवली आणि मागून आलेल्या मुलांनी ती समृद्ध केली. जेनी पायर्स आणि अ‍ॅन सेंगस यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिल्या पिढीतली, आता प्रौढ झालेली माणसे चुकीच्या समजुतीच्या सोप्या कसोटीत अडखळली, तर त्यांच्याहून लहान असलेल्या दुसऱ्या पिढीला ती सहज जमली. पहिल्या पिढीच्या भाषेत ‘वाटणे’, ‘माहीत असणे’ यांसाठी फारशा खुणा नव्हत्या. दोन वर्षांनी पुन्हा पाहिले, तेव्हा लहानांच्या संगतीत त्या खुणा शिकलेल्या मोठ्यांची उत्तरे सुधारली होती. ही माणसे कामधंदा करत होती, नाती जोडत होती, त्यांना बुद्धीची कमतरता नव्हती. त्यांच्या वाट्याला मनाविषयीचे बोलणे आले नव्हते. ऑस्ट्रेलियातही असेच आढळले: ज्या कर्णबधिर मुलांच्या घरी कोणालाच खुणांची भाषा येत नाही त्यांना ही समज उशिरा येते, आणि ज्यांचे आईवडील अस्खलित खुणा करतात त्यांना ती वेळेवर येते.

या दृष्टीने मराठी भाषा मुलाच्या हाती मोठी सोय देते. ‘मला वाटलं तू गेलीस’ एवढे म्हटले, की ती गेलेली नाही आणि बोलणाऱ्याची समजूत चुकली होती, हे दोन्ही ऐकणाऱ्याला कळते. ‘चुकून’ हा शब्द लागत नाही. ‘म्हणे’ हा एक शब्द वाक्यात टाकला, की ती माहिती माझी नाही, दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडची आहे, हे स्पष्ट होते. मँडरिन चिनीमध्ये चुकीचे समजण्यासाठी वेगळे क्रियापद आहे, आणि प्रश्नात ते वापरले की लहान चिनी मुले अधिक बरोबर उत्तरे देतात, असे 1999 च्या एका अभ्यासात दिसले आहे. मात्र भाषेत शब्द असणे पुरेसे नाही, तो मुलाशी बोलताना वापरला जायला हवा. पाश्चात्त्य मुलांना आधी ‘दोघांची मते वेगळी असू शकतात’ हे उमगते आणि मग ‘एखाद्याला एखादी गोष्ट माहीतच नसते’ हे. चीनमध्ये आणि इराणमध्ये हा क्रम उलटा आढळला, आणि घरी मुलांशी ‘माहीत असण्या’विषयी जास्त बोलले जाते हे त्याचे एक कारण मानले जाते. आपल्याकडेही घरी, अंगणवाडीत, बालवाडीत ‘कळलं का?’ हे शंभरदा विचारले जाते आणि ‘तुला काय वाटतं?’ हे क्वचित. 1975 पासून चाललेल्या अंगणवाड्यांतली तीन ते सहा वर्षांची मुले नेमक्या याच उंबरठ्यावर असतात, म्हणून हा दुसरा प्रश्न तिथल्या ताईंच्या तोंडी रोज यावा, असे मला मनापासून वाटते.

भावंडांचाही वाटा आहे. भावंडे असलेल्या मुलांना ही समज थोडी लवकर येते, असे पेर्नर यांना 1994 साली दिसले. क्रीट आणि सायप्रस इथल्या मोठ्या कुटुंबांतल्या पाहणीत तर सख्ख्या भावंडांइतकाच, रोज भेटणाऱ्या मोठ्या नातेवाइकांचा आणि मोठ्या मुलांचा उपयोग दिसला. भांडण मिटवताना आज्जी ‘त्यानं मुद्दाम नाही पाडलं, त्याला वाटलं ते तुझं नाही’ असे म्हणते, तेव्हा ती हेच शिकवत असते.

ही समज आल्याची पहिली खूण पालकांना बहुधा आवडत नाही, कारण ती खोटे बोलण्याच्या रूपाने येते. खोटे बोलायचे तर समोरच्याच्या मनात चुकीची समजूत निर्माण करावी लागते. व्हिक्टोरिया तलवार आणि कँग ली यांच्या प्रयोगांत, लपवलेल्या खेळण्याकडे बघू नको असे बजावलेली लहान मुले ‘मी डोकावलो नाही’ असे सांगत, आणि पुढच्याच प्रश्नाला ते खेळणे कोणते ते नाव घेऊन सांगून टाकत. त्याच वर्षीच्या दिवाळीत माझ्या भाच्याने मला सांगितले, ‘‘मी कपाट उघडलंच नाही. आत निळी गाडी नाहीच आहे.’’ याला लबाडी म्हणून धपाटा घालणे मला पटत नाही. आज्जीच्या डोक्यात भडंग असू शकते हे ज्याला मे महिन्यात कळत नव्हते, त्याला ऑक्टोबरात माझ्या डोक्यात काहीतरी घालता येईल असे वाटू लागले होते. ते तिथे टिकवून कसे धरायचे, एवढेच अजून यायचे होते.

पुढची पायरी सहा-सात वर्षांच्या सुमारास येते, असे पेर्नर आणि विमर यांनी 1985 साली दाखवले: एकाला दुसऱ्याच्या समजुतीविषयी काय वाटते, हे मुलाला धरता येऊ लागते. माझी भाची आता सात वर्षांची आहे. यंदा तिच्या वाढदिवसाआधी तिच्या आईने शेजारच्या घरी नवी सायकल लपवून ठेवली होती, आणि पोरीने ती खिडकीतून पाहिली होती. मला कोपऱ्यात ओढून नेऊन ती म्हणाली, ‘‘आत्या, मला माहीत आहे. पण आईला वाटतंय मला माहीत नाही. तू सांगू नको हं, तिला वाईट वाटेल.’’ वाढदिवसाच्या सकाळी ती दारात सायकलसमोर उभी राहिली, दोन्ही हात गालांवर ठेवले, आणि आधी सायकलकडे नव्हे, आईच्या चेहऱ्याकडे पाहिले.