सात-बारावर अजून पणजोबाच आहेत? वारस नोंद नेमकी कुठे अडते

अर्ज करणं अवघड नाही. ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर किंवा तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) मृत्यू दाखला आणि सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते, नातं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र द्यायचं. चौकशी, फेरफार (नाव बदलाची नोंद), 15 दिवसांची नोटीस आणि मग मंडळ अधिकाऱ्यांचं प्रमाणन.

घोडं अडतं ते जुन्या पिढ्यांपाशी. पणजोबांवरून थेट पणतवंडांवर उडी मारता येत नाही. आधी पणजोबांचे वारस, मग आजोबांचे, मग वडिलांचे. प्रत्येक मृत्यूचा दाखला वेगळा, आणि तोच कुणाकडे नसतो. ग्रामपंचायतीतल्या नोंदवह्या पाहा. तिथे नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गावाचं कोतवाल बुक (जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) मागा. 'सापडत नाही' असं तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका, नोंद आढळत नसल्याचा लेखी दाखला घ्या. वर्षाहून जुन्या मृत्यूची नव्याने नोंद करायला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि तिथे पहिल्यांदा हाच कागद मागतात. मृत्यूची तारीख अंदाजाने टाकू नका: हिंदू कुटुंबात 17 जून 1956 च्या आधीच्या मृत्यूला जुना वारसा कायदा लागतो, वारसच बदलू शकतात.

सात-बारावर 'बाबू रामा' आणि दाखल्यावर 'बाबुराव रामचंद्र' असेल, तर दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच जोडा. त्रुटी निघायची वाट कशाला पाहायची?

नावापुढे 'ए.कु.मॅ.' असेल तर थांबा. थोरल्या भावाचं नाव एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेलं असतं. तो वारल्यावर फक्त त्याचीच मुलं चढतात आणि बाकी भावांची शाखा सात-बाऱ्यावरून गायब होते. ही नोंद ज्या फेरफाराने झाली, त्याची नक्कल आधी काढा.

बहिणी, आत्या आणि मयताची आई यांची नावं गाळू नका. लग्न झालं म्हणून मुलीचा वारसा जात नाही. तिला हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. साध्या कागदावरची संमती चालत नाही. एक नाव गाळलं की हरकत येते, नोंद तक्रारी (वादातली) होते, सुनावण्या सुरू होतात.

तीन महिन्यांच्या मुदतीने तर लोक उगाच घाबरतात. जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे वारसा मिळाल्याचं तलाठ्याला कळवायची ती मुदत आहे. उलटली म्हणून वारसा बुडत नाही. 'मुदत संपली, जरा जास्त खर्च येईल' म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. खरी जपायची मुदत नोटिशीच्या 15 दिवसांची. हरकत असेल तर त्याच काळात लेखी द्या आणि पोच घ्या. नोंद प्रमाणित झाली की प्रांताधिकाऱ्यांकडे अपील, तेही 60 दिवसांत.