उच्छ्वासापासून खडकवासल्यापर्यंत : पुण्याचं पाणी कसं बिघडत गेलं

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत, गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. या आजारात हातापायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. बऱ्याच रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्या-अन्नातून पसरणारा जिवाणू आढळला आणि सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे गेलं. नांदेड गावात विहिरीतलं पाणी केवळ क्लोरीन टाकून नळाला सोडलं जात होतं. धरण उशाला आणि कोरड घशाला, असं आपण दुष्काळी गावांबद्दल म्हणतो. इथे खडकवासल्याचं धरण उशाला होतं, पाणीही होतं, पण ते पिण्यासारखं आहे याची खात्री कोणी देऊ शकत नव्हतं.

हे एका विहिरीपुरतं पाहून भागणार नाही. याचं मूळ शोधायचं तर पावणेतीनशे वर्षं मागे, कात्रजला जावं लागतं.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या डोंगरपायथ्याशी तलाव बांधला गेला आणि तिथून शनिवारवाड्यापर्यंत दगड-चुन्याचा नळ आणला. पंप नाही, यंत्र नाही, सगळं उतारावर. नळ इतका मोठा की माणूस आत उतरून गाळ काढू शकेल. वाटेत जागोजागी उच्छ्वास, म्हणजे दगडी मनोऱ्यासारखे झरोके, उभारले; आत हवा खेळती राहावी आणि साफसफाईला उतरता यावं म्हणून. पेठांमधले हौद याच पाण्यावर भरत. काळा हौद, फडके हौद, बदामी हौद, नाना हौद ही नावं अजून पत्त्यांमध्ये टिकून आहेत. सातारा रस्त्याच्या बाजूला इमारतींच्या मध्ये एखादा उच्छ्वास दिसला की मी अजूनही थांबून पाहते.

या पाण्याला आजच्या अर्थाने शुद्धीकरण नव्हतं. गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी पुढे सोडायचं, एवढंच. तरी ते चालत होतं, कारण तलावाच्या वर डोंगर होता आणि वस्ती तुरळक होती. पाणी वरून चांगलं येत होतं म्हणून खाली चांगलं मिळत होतं.

पुढे शहर वाढलं, लष्कराची छावणी आली, आणि इंग्रजांनी मुठेवर खडकवासल्याला धरण बांधायला घेतलं. १८७० च्या दशकात कॅप्टन फाइफ यांच्या आखणीनुसार ते उभं राहिलं. दुष्काळी भागाला कालव्याचं पाणी आणि पुणे-खडकीला पिण्याचं पाणी, असे दोन हेतू होते. तिकडे रामनदीवर पाषाणचा तलाव झाला, गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या निवासासाठी. नवं, मोठं पाणी आलं की जुन्याकडे पाहण्याची गरज उरत नाही, आणि पुण्यात नेमकं तेच घडलं. कात्रजच्या वरच्या वाड्या फुगल्या, त्यांचं सांडपाणी तलावात उतरू लागलं. रामनदीतून मैलापाणी येऊन पाषाण तलाव जलपर्णीने भरू लागला. जे पाणी कधी काळी पिण्यासाठी अडवलं, त्याच्या काठाने आज नाक दाबून जावं लागतं. कात्रजच्या पाण्याचा वाहता ओढा तो आंबील ओढा, त्याचीही गटार झाली.

१२ जुलै १९६१ ला वरचं पानशेत धरण फुटलं, त्याच दिवशी खडकवासलाही फुटलं. त्या पुराच्या आठवणी घराघरात आहेत. पुराने घरं नेली ती नेलीच, शिवाय शहराचं पिण्याचं पाणीही गेलं. नळ कोरडे पडले तेव्हा लोक जुन्या विहिरी आणि हौदांकडे वळले. जुने स्रोत राखून ठेवण्याची किंमत इतक्या लख्खपणे पुन्हा कधी दिसली नसेल. पण धडा घेतला गेला तो साठा वाढवण्याचा. पानशेत नव्याने बांधलं, मग वरसगाव, टेमघर. आज चार धरणांची मिळून क्षमता सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. शहरात दरवर्षी वाद होतो तो किती टीएमसी कोणाला, कालव्याचं आवर्तन कधी, यावर. पाणी कसं आहे, हा प्रश्न मागेच राहतो.

कायद्यात मात्र आपण मागे नव्हतो. देशाचा जलप्रदूषण कायदा १९७४ चा. महाराष्ट्राने स्वतःचा कायदा १९६९ मध्येच केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केलं. पण कारखान्याचा पाइप शोधून त्याला नोटीस देता येते. हजारो घरांचं मैलापाणी नाल्यातून येतं, तेव्हा दोषी ठरते ती नगरपालिका किंवा ग्रामपंचायत, आणि तिच्याकडे ड्रेनेज टाकायलाच पैसे नसतात. माझ्या मते हा सगळा विषय इथेच अडला.

खालच्या बाजूला काय होतं ते सोलापूरकरांना विचारावं. पवना दापोडीला मुळेत मिळते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेत, इंद्रायणी तुळापूरला. म्हणजे पुणे, पिंपरी-चिंचवड आणि आळंदी, सगळ्यांचं पाणी शेवटी उजनीत. हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. भिगवणला रोहित पक्षी पाहायला आपण जातो तो त्याचाच फुगवटा. सोलापूर शहर हेच पाणी पितं, आणि पंढरपूरच्या चंद्रभागेत वारकरी हेच पाणी हातात घेतात.

आता वरची बाजूही पूर्वीसारखी राहिलेली नाही. खडकवासल्याच्या काठची गावं, पानशेत रस्त्यावरची हॉटेलं, रिसॉर्ट, फार्महाऊस यांचं सांडपाणी जलाशयात पोचतं. शुद्धीकरण केंद्रात तुरटीने गढूळपणा जातो, गाळणीने कण अडतात, शेवटी क्लोरीन. पण पाण्यात सेंद्रिय घाण जितकी जास्त, तितका क्लोरीन तिच्यावरच खर्च होतो आणि जंतू मारायला कमी उरतो. ज्या गावांत केंद्रच नाही, तिथे तर भिस्त फक्त क्लोरीनवर.

पुण्यात मुळा-मुठा स्वच्छ करण्यासाठी जपानच्या मदतीने अकरा मैलाशुद्धीकरण केंद्रांची, रोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची योजना आखली गेली. ती मंजूर झाली २०१६ मध्ये. धायरी महापालिकेत आली २०१७ मध्ये. नांदेड, किरकटवाडी आणि खडकवासला आली २०२१ मध्ये. म्हणजे योजना मंजूर झाली तेव्हा यांतलं एकही गाव शहराच्या हद्दीत नव्हतं. आणि त्यांच्याही वर, धरणाच्या काठाला जी गावं आहेत, ती आजही शहराच्या हद्दीबाहेर आहेत.