ईजीआर झडप निष्क्रिय करणे

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंपैकी काही भाग पुन्हा सिलिंडरात सोडणारी झडप पत्र्याने बुजवून, तिची जोडणी काढून किंवा इंजिनाच्या नियंत्रक संगणकातील आज्ञावली बदलून कायमची बंद ठेवण्याच्या प्रकाराला ईजीआर झडप निष्क्रिय करणे असे म्हणतात. ईजीआर हे निष्कास वायूंच्या पुनराभिसरणाचे जगभर रूढ झालेले संक्षिप्त नाव आहे. गॅरेजच्या बोलीत याच कामाला ईजीआर ब्लँक करणे, ऑफ करणे किंवा डिलीट करणे असे शब्द आहेत. गाडी ओढत नाही, पिकअप मिळत नाही, आयडलिंगला इंजिन थरथरते, काळा धूर येतो अशा तक्रारींवरचा उपाय म्हणून हे केले जाते आणि पुष्कळदा त्यानंतर गाडी खरोखरच सुधारलेली वाटते. मात्र अशा बहुतेक गाड्यांत झडप आधीच काजळीने अडकून उघडी राहिलेली असते आणि ती साफ केली किंवा बदलली असती तरी तेवढाच फरक पडला असता.

सिलिंडरात येणाऱ्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो ज्वलनात भाग घेत नाही, परंतु ज्वालेचे तापमान साधारण १,५०० अंश सेल्सियसच्या पुढे गेले की त्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊ लागतो आणि तापमान जसजसे चढते तसतसा हा वेग फार झपाट्याने वाढतो. या प्रक्रियेची उकल सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव झेल्दोविच यांनी १९४० च्या दशकात केली. अशा रीतीने तयार होणारी नायट्रोजनची ऑक्साइडे श्वसनमार्गाचा दाह करतात, सूर्यप्रकाशात जमिनीलगतचा ओझोन निर्माण होण्यास कारण होतात आणि हवेतील सूक्ष्म कणांतही भर घालतात. निष्कास वायू एकदा जळून गेलेला असल्यामुळे तो पुन्हा जळत नाही; त्यातील कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ ज्वालेतील उष्णता शोषून घेतात आणि ताज्या हवेची जागा अडवल्यामुळे सिलिंडरातील ऑक्सिजनचे प्रमाणही घटते. परिणामी ज्वलनाचे कमाल तापमान उतरते आणि ही ऑक्साइडे कमी तयार होतात. अमेरिकेत १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर मोटारींवरील बंधने कडक झाली आणि १९७३ च्या मॉडेलांपासून ही झडप तेथे सर्रास दिसू लागली. पुढे डिझेल मोटारींसाठी तिचे महत्त्व आणखी वाढले, कारण त्यांच्यासाठीची नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा युरोपच्या युरो ५ या प्रदूषण मानकात प्रतिकिलोमीटर १८० मिलिग्रॅम होती, ती युरो ६ मध्ये ८० वर आली.

परत किती वायू सोडायचा हे इंजिनावरील भारानुसार क्षणोक्षणी बदलते. हलक्या भाराला डिझेल इंजिनात आत जाणाऱ्या एकूण वायूचा चाळीस टक्क्यांच्या आसपासचा भागही निष्कासाचा असू शकतो. पेट्रोल इंजिनात हे प्रमाण बरेच कमी ठेवावे लागते, नाही तर ठिणगीने मिश्रण नीट पेटत नाही. चालकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की मात्र सगळी हवा इंधन जाळण्यासाठी लागते, म्हणून नियंत्रक संगणक ही झडप मिटवून टाकतो किंवा मिटवण्याच्या बेतात आणतो. झडप निष्क्रिय केल्याने शक्ती वाढते हा समज येथेच ढासळतो. ज्या क्षणी कमाल शक्ती हवी असते त्या क्षणी सुस्थितीतील झडप आपणहून बंदच असते, त्यामुळे बंद असलेले दार पुन्हा बंद करून वाढीव शक्ती मिळण्याचा संभव नसतो. पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत तर उलट तोटा संभवतो. मध्यम वेगाने जाताना परत आलेल्या वायूमुळे थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेवरचा पडदा, थोडा अधिक उघडा ठेवता येतो, हवा खेचताना पिस्टनला पडणारे कष्ट कमी होतात आणि इंधन वाचते. झडप बंद केल्यावर ही बचत जाते.

झडप बिघडते ती बहुधा काजळीने. डिझेलच्या निष्कासातील कोरडी काजळी आणि क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पेटीतून, इनटेककडे म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गाकडे वळवलेली तेलाची वाफ एकत्र आली की त्यांचा डांबरासारखा चिकट थर तयार होतो. दीर्घकाळ शहरी वाहतुकीत, थोड्या थोड्या अंतरासाठी वापरलेल्या गाडीची झडप उघडून पाहिली तर आतील तबकडी ओळखूही येत नाही. तिच्या दांड्याभोवती काळी, चकाकणारी साय जमलेली असते, नखाने खरवडली तर ती वडीसारखी निघते आणि तिच्या मागे इनटेक मॅनिफोल्डचे मूळचे रुंद तोंड आकसून निम्म्यावर आलेले असते. इंजिन पुरते तापण्याआधीच बंद केले जात असेल तर हा थर लवकर वाढतो. टर्बोचार्जरच्या झिजलेल्या सीलमधून येणारे तेल, गळका इंजेक्टर किंवा चोंदलेला एअर फिल्टर यांपैकी एखादा दोष जोडीला असला, तर नवी कोरी झडपही फार काळ टिकत नाही. सर्व दोष झडपेच्या माथी मारणाऱ्या निदानात हा भाग हमखास सुटतो.

अडकलेली झडप कोणत्या स्थितीत अडकली आहे त्यावर लक्षणे ठरतात. ती उघडी राहिली तर पेट्रोल इंजिन आयडलिंगला आचके देते, थांब्यावर बंद पडते आणि वेग घेताना मिसिंग करते. डिझेल इंजिनाला भाराखाली हवा कमी पडते, काळा धूर येतो, चढावर गाडी मरगळते आणि नियंत्रक कधीकधी शक्ती मर्यादित करून गाडीला लिंप मोडमध्ये टाकतो. झडप बंद स्थितीत अडकली तर चालकाला फारसे काही जाणवतही नाही. पेट्रोल इंजिनात मात्र भार आल्यावर नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण आपोआप पेटल्याचा, खडखडाट ऐकू येऊ शकतो. निर्वातावर चालणाऱ्या जुन्या झडपांची परीक्षा सोपी असे. इंजिन आयडलिंगला ठेवून झडपेचा पडदा हाताने वर ढकलला आणि इंजिन अडखळले, तर वायूचा मार्ग मोकळा आहे असे समजत. ढकलूनही इंजिनावर ढिम्म परिणाम झाला नाही, तर मार्ग काजळीने बुजलेला असे. अलीकडच्या झडपा विद्युत मोटरवर चालतात आणि आपली स्थिती संवेदकाद्वारे नियंत्रकाला कळवत असतात, म्हणून त्यांची तपासणी स्कॅनर जोडूनच करावी लागते.

निष्क्रिय करण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे झडप आणि निष्कास नळी यांच्यामधल्या गॅस्केटच्या जागी त्याच आकाराची, पण मधले भोक नसलेली पोलादी पट्टी बसवणे. निर्वाताची रबरी नळी काढून तिच्यात छोटा स्क्रू घालणे ही त्याहून स्वस्तातली युक्ती. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आल्यावर या युक्त्या उघड्या पडू लागल्या. डिझेल इंजिनात आत येणारी ताजी हवा मोजणारा संवेदक असतो. झडप उघडली की निष्कासाने जागा घेतल्यामुळे ताज्या हवेचे माप घटायला हवे, हे नियंत्रकाला ठाऊक असते. पट्टी बसवलेल्या गाडीत झडप उघडण्याची आज्ञा जाते, पण माप घटत नाही. नियंत्रक त्यावरून प्रवाह अपुरा असल्याचे ताडतो, पी०४०१ हा दोषसंकेत नोंदवतो आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लावतो. प्रवाह प्रमाणाबाहेर असेल, म्हणजे झडप उघडी अडकली असेल, तर पी०४०२ हा संकेत येतो. पट्टीला बारीक भोक पाडून संवेदकाला फसवण्याचे प्रकार यातूनच निघाले, आणि तेही पुरेनासे झाल्यावर नियंत्रकाची आज्ञावलीच बदलून झडपेचे काम आणि तिच्यावरची पाळत ही दोन्ही पुसून टाकण्याची पद्धत आली. अशा रीमॅपमध्ये एक दोषसंकेत दडपताना शेजारचे संकेतही दडपले जातात आणि पुढे खरा बिघाड झाला तरी दिवा लागत नाही.

यांत्रिक परिणाम सगळेच वाईट असतात असे म्हणता येणार नाही. इनटेकमध्ये काजळी जाणे थांबते, डिझेल इंजिनाचा धूर कमी होतो आणि काजळीचा फिल्टरही काही अंशी सावकाश भरतो. मात्र नायट्रोजनची जी ऑक्साइडे सिलिंडरातच रोखली जात होती त्यांचा सगळा भार निष्कास नळीतील पुढच्या यंत्रणेवर पडतो. ही ऑक्साइडे नष्ट करण्यासाठी निष्कासात युरियाचे द्रावण फवारणाऱ्या गाडीत द्रावण अधिक खर्च होते आणि मर्यादा ओलांडली की तेथील संवेदक तक्रार नोंदवतो. काही अवजड ट्रकांची इंजिने ईजीआरशिवायच बनवलेली असतात, याचा दाखला ही झडप अनावश्यक असल्याचे सांगण्यासाठी दिला जातो. परंतु त्या ट्रकांतील युरिया यंत्रणा तो सारा भार पेलण्याच्या हिशेबाने घडवलेली असते. पेट्रोल इंजिनात ठिणगीची वेळ ईजीआर गृहीत धरून पुढे ओढलेली असते, त्यामुळे केवळ पट्टी बसवून ती वेळ तशीच ठेवली तर नॉकिंगला आमंत्रण मिळते. परत येणारा वायू थंड करणारा ईजीआर कूलर फुटून शीतक गळत असेल तर वायूचा मार्ग बुजवून काहीच साधत नाही, कारण कूलरमधून शीतक वाहतच राहते.

कायद्याच्या दृष्टीने रस्त्यावरील वाहनात असा बदल करणे अनेक देशांत गुन्हा आहे. अमेरिकेत प्रदूषण नियंत्रण साधन काढणे किंवा निकामी करणे स्वच्छ हवा कायद्यानुसार प्रतिबंधित आहे आणि त्यासाठीची साधने विकणाराही दोषी धरला जातो. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये अंदाज दिला, की आधीच्या सुमारे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप ट्रकांमधील प्रदूषण नियंत्रणे काढून टाकण्यात आली होती. गंमत अशी, की इंजिन काजळीपासून वाचते ही गॅरेजमध्ये दिली जाणारी सबब वाहन उत्पादकांनीही न्यायालयात दिलेली आहे. २०१५ मध्ये फोक्सवॅगन या जर्मन मोटार उत्पादकाने प्रदूषण चाचणीला फसवणारी आज्ञावली वापरल्याचे प्रकरण उघड झाल्यावर युरोपात ईजीआर झडपेच्या आज्ञावल्यांची बारकाईने छाननी झाली. प्रयोगशाळेतील चाचणी ओळखून तेवढ्यापुरती झडप अधिक उघडणारी आज्ञावली युरोपीय संघाच्या न्यायालयाने १७ डिसेंबर २०२० रोजी बेकायदा ठरवली आणि इंजिनाची झीज व काजळीची साठवण टळते एवढ्या कारणाने अशा साधनाचे समर्थन होऊ शकत नाही असे स्पष्ट केले. जुलै २०२२ मधील निकाल बाहेरच्या हवेच्या तापमानावर ईजीआर कमी करणाऱ्या आज्ञावलीविषयी होते. १५ ते ३३ अंश सेल्सियस तापमानात आणि १,००० मीटरपेक्षा कमी उंचीवरच पूर्ण ईजीआर देणारी ही रचना युरोपातील नेहमीच्या हवामानात वर्षाचा बराच काळ कमकुवत राहते, हा मुद्दा तेथे निर्णायक ठरला.

नियम असूनही ही प्रथा टिकून राहण्याचे एक कारण तपासणीच्या रीतीत आहे. अनेक ठिकाणी डिझेल वाहनाच्या ठराविक मुदतीच्या तपासणीत फक्त धुराची घनता मोजतात. नायट्रोजनच्या ऑक्साइडांपैकी मुख्य असलेले नायट्रिक ऑक्साइड रंगहीन असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही आणि धुराच्या मापातही येत नाही. उलट झडप बंद केलेली गाडी कमी काजळी सोडते, म्हणून ती तपासणीत अधिक चांगली उतरू शकते. मालकालाही नळीचे तोंड स्वच्छ दिसते आणि आपण प्रदूषण घटवले असा त्याचा प्रामाणिक समज होतो.

पोलादी पट्टीचा एक उपयोग मात्र जाणकार मेकॅनिकही मान्य करतात, आणि तो म्हणजे निदानासाठी तात्पुरता. झडप मिटत नसल्याचा संशय असेल तर पट्टी घालून थोडे अंतर गाडी चालवून पाहतात. ओढ परत आली आणि धूर थांबला, तर झडपेतून वायू झिरपत होता हे नक्की होते. काहीच फरक पडला नाही, तर टर्बोचार्जर, इंजेक्टर किंवा हवा मोजणारा संवेदक यांच्याकडे वळावे लागते. त्यानंतर पट्टी काढून झडप आणि मॅनिफोल्ड विरघळक द्रवाने व ब्रशने साफ करतात, नवी गॅस्केट घालतात आणि झडपेची मिटलेली व उघडी स्थिती स्कॅनरने नियंत्रकाला पुन्हा शिकवतात. ही शेवटची पायरी राहिली तर साफ केलेली झडपही चुकीच्या जागी थांबते आणि गाडी त्याच तक्रारीसह परत येते.